उरलेलं कोकरू

दुष्काळाच्या त्या वर्षांचा विषय निघाला की मी गप्प बसतो. लोकांना वाटतं, याच्या घरचं काहीतरी गेलं असणार, दुखरी जागा दिसते, नको विचारायला. बायकोही इतकी वर्षं तसंच समजत आलीय. खरं वेगळंच आहे आणि ते सांगायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. त्या वर्षांत मी आनंदात होतो. साधासुधा नव्हे, खुळ्यासारखा. हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं, आणि मी टँकरच्या रांगेत रिकामी घागर धरून स्वतःशीच हसत उभा असायचो. शेजारच्या काकूंनी एकदा बायकोला विचारलंच, "तुमच्या ह्यांना प्रमोशन मिळालं का हो?"

"प्रमोशन कसलं," बायको म्हणाली, "ऊन लागलंय."

ऊन नव्हतं लागलं. कोडी लागली होती.

औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं शिकवायचो. सगळ्या बाजारावर मंदी होती, पण खालच्या दुकानदाराची चंगळ होती. ड्रम, टाक्या, हंडे, जे आणील ते खपायचं. गिऱ्हाईक प्रत्येक ड्रम वाजवून घ्यायचं. वर मी फळ्यावर लूप, म्हणजे यंत्राला तेच तेच पुन्हा करायला लावणं, शिकवतोय आणि खालून धाड, धाड, धाड. पोरांना लूप म्हणजे काय ते माझ्यापेक्षा त्या दुकानानं जास्त शिकवलं असेल.

माझ्याबरोबर शिकवायला शहागंजकडचा एक जण होता. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. मी जितका गप्प, तितका तो बोलका. दुपारी उन्हामुळं बॅच नसायची. वीज असली तर आम्ही दोघं एका संगणकापुढं खुर्च्या ओढून बसायचो आणि एका वेबसाइटवरची कोडी सोडवायचो. कोडं म्हणजे प्रोग्राम लिहून सोडवायचा प्रश्न. उत्तर लिहून पाठवलं की तिकडचं यंत्र ते तपासायचं. चुकलं तर लाल पट्टी, बरोबर आलं तर हिरवी. जगात तेव्हा हिरवं असं फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळं असेल, पण ती हिरवी पट्टी दिसली की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. चाळिशीकडं चाललेला माणूस, दोन्ही हात वर करून खुर्चीत गोल फिरायचा.

प्रत्येक कोड्याखाली चर्चेची जागा असायची. लोक तिथं आपापली उत्तरं मांडायचे, भांडायचे, एकमेकांची अक्कल काढायचे. आणि कुणालाही कोड्याचं भाषांतर आपल्या भाषेत करून देता यायचं. आमची पोरं खेड्यांवरची. डोकं तल्लख, पण इंग्रजी वाचताना ठेच लागायची. प्रश्न मराठीत सांगितला की उत्तर लगेच लिहायची. म्हणून मी प्रश्न मराठीत आणायला लागलो. भाई उत्तरं सी या संगणकाच्या भाषेतून पायथन या दुसऱ्या भाषेत न्यायचा. "धंदा एकच है मास्तर," तो म्हणायचा, "माल इधर का उधर. बस तुम्हारा माल जल्दी खराब होता."

नियम असा होता की दोघांनी वाचून होकार दिला की भाषांतर सगळ्यांना दिसायचं. पहिला होकार नेहमी भाईचा. तो वाचायचा नाही.

"अरे वाच तरी."

"नक्को. मराठी मेरेकू बोलने आती, पढने कू चश्मा लगता. तुम ठीकच लिखे होंगे."

आता दादाबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय यातलं काहीच नीट कळायचं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही लासूर स्टेशनकडचे, मेंढरांच्या घरातले. लहानपणी वडलांनी ठरवलं होतं, एकानं मेंढरांमागं जायचं, एकानं शाळेत. मी शाळेत गेलो. दादा मेंढरांमागं. एवढीच गोष्ट, पण माझ्या छातीवर ती धोंड्यासारखी बसलेली. मी पंख्याखाली बसलो की मला त्याचं ऊन आठवायचं. हर्सूलच्या पुढं नव्या वस्तीत मी दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हापासून त्यानं त्या घरात एक घास खाल्ला नव्हता. शहरात यायचा, दारात उभा राहायचा, पाणी प्यायचा आणि "मेंढरं हायेत तिकडं" म्हणून परत स्टेशनवर. मी आग्रह करायचो. म्हणजे मान खाली घालून, "दादा, जेवून गेला असतास," एवढं म्हणायचो. तो म्हणायचा, "घर कुठं पळून चाललंय." माझी खात्री होती की तो मनातून माझ्यावर रागावलेला आहे. रागावणारच. मीही रागावलो असतो.

त्या उन्हाळ्यात लासूरकडं चारा-पाणी दोन्ही संपलं. दादानं बरीच मेंढरं बाजारात विकली, वहिनीला आईपाशी ठेवलं आणि उरलेला कळप घेऊन एकटाच निघाला. येऊन तळ टाकला तो कुठं, तर आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. वस्तीपलीकडं प्लॉट पाडले होते. नंबर घातलेले सिमेंटचे दगड उभे आणि मध्ये मोकळं माळरान. शहराच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी तेवढं गवत हिरवं होतं, त्यावर मेंढरं जगत होती.

"ह्या दगडांत काय पेरतेत रं?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"घरं."

"मग लेंडीखत घालून ठेवतो. बरी उगवतील."

सोबतीला एक कुत्रं होतं. पैठणकडं पुढं गेलेल्या सोयऱ्यांचा निरोप आला की तोही तिकडं निघणार होता. निरोप कधीही येऊ शकला असता. मी मनाशी ठरवलं, त्याच्या आत हा आपल्या घरात बसून जेवला पाहिजे. बाकी दुष्काळाचं काहीही होवो.

पण मेंढरं सोडून तो येणार कसा? रोज क्लासवरून आलो की बायको डबा भरून द्यायची. मी पोचेपर्यंत कोकरं दूध पिऊन जाळीच्या कुंपणात गेलेली असायची, मेंढ्या रवंथ करत बसलेल्या. दादा दगडावर बसून डबा खायचा. मी समोर मान खाली घालून बसायचो. आमच्यात बोलणं असं नव्हतंच कधी. तो विचारायचा, "बरं हाय ना?" मी म्हणायचो, "बरं आहे." झालं.

एक दिवस मला राहवलं नाही. दुपारी एक कोडं सुटलं होतं आणि पोटातल्या गुदगुल्या जात नव्हत्या. मी म्हणालो, "दादा, एक प्रश्न सांगू? एक माणूस आहे. त्याला नदीपलीकडं जायचंय. बरोबर लांडगा, शेळी आणि चाऱ्याची पेंढी. होडीत एका वेळी एकच नेता येतं. लांडगा आणि शेळी एकत्र ठेवली तर लांडगा शेळी खाणार. शेळी आणि पेंढी ठेवली तर शेळी पेंढी खाणार. कसं न्यायचं?"

दादानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "लांडगा कुणाचा हाय?"

"त्याचाच."

"त्यानं लांडगा पाळलाय?"

"असं धर."

"आन् त्यो पलीकडं कशाला न्यायचा? हितंच सोड की मेल्याला."

"तसं चालत नाही. तिघंही न्यायचेत."

"बरं. नदी कंची?"

"कोणतीही."

"कोणतीबी असंना. होडी कशापायी? यंदा चालत जायचं की."

मला हसू फुटलं. असं फुटलं की कुत्रं उठून उभं राहिलं. दादा माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याच्याही मिशा हलल्या. दुसऱ्या दिवशी मी भाईला हे सांगितलं. भाई म्हणाला, "ये तो चर्चा में डालना पडता." आणि त्यानं कोड्याखाली इंग्रजीत लिहून टाकलं, 'औरंगाबादेत यंदा होडीची अट लागू नाही.' त्याला जगभरातून उत्तरं आली. कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं नदी आटते का? भाईनं लिहिलं, नदी आटत नाही, सुट्टीवर जाते.

मग ती सवयच लागली. दुपारी भाईबरोबर कोडी, संध्याकाळी दादाबरोबर. एका कोड्यात चोर होता, त्याच्या पिशवीत ठरावीक वजनच मावायचं, सगळ्यात जास्त किमतीचा माल कसा भरावा? दादा म्हणाला, "चोराला मदत आपण का करायची? तू मास्तर हायेस का दरोडेखोर?" दुसऱ्यात आठ राण्या बुद्धिबळाच्या पटावर अशा बसवायच्या की एक दुसरीच्या वाटेत येऊ नये. दादानं बराच विचार केला. म्हणाला, "राजाला कुठं बसवलाय?" राजा नाहीच म्हटल्यावर म्हणाला, "मग त्या कशाला भांडतील? कशाबी बसव."

एक कोडंही त्यानं सरळ सोडवलं नाही. मी मात्र घरी जाताना रस्त्यानं एकटाच हसत जायचो. बायको विचारायची, "भाऊजींची तब्येत बरी आहे ना?" मी "हो" म्हणायचो आणि परत हसायचो.

मग ते एकट्या आकड्याचं कोडं आलं. आकड्यांची लांबच लांब यादी. प्रत्येक आकडा दोनदा आलेला, एकच आकडा एकदा. तो शोधा. आणि अट अशी की शोधताना काही लिहून ठेवायचं नाही. भाईनं याची युक्ती फळ्यावर करून दाखवली. संगणकात आकडे एकमेकांवर ठेवायची एक रीत असते. त्या रीतीत तोच आकडा पुन्हा आला की आधीचा पुसला जातो. मग सगळे आकडे एकावर एक ठेवत जायचे. जोड्या आपोआप पुसल्या जातात आणि शेवटी हातात राहतो तो एकटा. मी खुर्चीतून उठलो आणि भाईला मिठी मारली. बापालाही मी कधी मिठी मारली नव्हती. खालून ड्रम वाजला, धाड.

संध्याकाळी दादाला ते सांगताना आकड्यांऐवजी मी कोकरं घातली. दिवसभर मेंढ्या चरायला जातात, कोकरं मागं जाळीत असतात. संध्याकाळी ती सोडली की जो तो आपापल्या आईला जाऊन भिडतो. समज, एक एकटं राहिलं. ते कसं ओळखायचं?

"वरडतंय ते," दादा म्हणाला.

मी तसाच घरी जाऊन भाषांतर लिहिलं. आकड्यांची यादी काढून टाकली, कोकरं सोडली. इतकं सुंदर भाषांतर मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. भाईनं न वाचता होकार दिला. दुसरा होकार कुणा अनोळखी माणसाचा आला. आणि चर्चा सुरू झाली.

पहिलाच एक जण म्हणाला, उत्तर: कोणतंच नाही. आई नसलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतात. एकटं राहीलच कसं? दुसरा म्हणाला, आणि जुळी झालेली मेंढी कशात धरली? तिसरा, मेंढीचं कोकरू मेलं तर मेंढी एकटी, ती यादीत आहे का? चौथ्यानं विचारलं, लेखक मेंढपाळ आहे की पुण्याचा? उत्तराचा प्रोग्राम कुणी लिहीना. मला भयंकर राग आला. मी, मेंढरांच्या घरातला, सगळ्यांना एकच उत्तर डकवत गेलो, 'दुसरी मेंढी लावण्याची तरतूद प्रश्नात दिलेली नाही. कृपया जे दिलंय तेवढंच सोडवावं.'

अखेर ती साइट चालवणाऱ्यांचं इंग्रजीत पत्र आलं. मराठी चर्चा एवढी लांब का झाली, आणि तिच्यात आकडे का नाहीत? भाईनं ते मोठ्यानं वाचलं. "मास्तर, पूछ रहे हैं, ये लोग किस जानवर की बात करते?" त्यांनी माझं भाषांतर काढून टाकलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पैठणकडचा निरोप त्याच आठवड्यात आला. दोन-चार दिवसांत निघायचं, असं दादा डबा खाता खाता म्हणाला. कोडी झाली, हसणं झालं, आणि तो अजून माझ्या घरात जेवला नव्हता. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. मी इतका कधी बोलत नसे. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग तुम्ही बसा ना मेंढरांपाशी. भाऊजींना इकडं पाठवा, मी वाढते."

"पण मग मी नसेन जेवायला."

"भाऊजी जेवायला पाहिजेत की तुम्ही?"

खरं होतं. माझ्या मनात इतकी वर्षं जे चित्र होतं त्यात आम्ही दोघं शेजारी बसलेलो असायचो. पण निम्मं चित्र तर निम्मं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला जमंल?"

"मेंढरांच्या घरातला आहे."

"व्हय, ते हायेस," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मेंढ्या चारून लवकर आणल्या. "दिस त्या टेकडीला टेकला की कोकरं सोड. पिऊन झाली की परत जाळीत घाल. येवढंच काम हाय." डोक्याचा फेटा नीट केला आणि माझ्या घराच्या दिशेनं चालू लागला. मी त्याला जाताना बघत राहिलो. पाठमोरा तो अगदी वडलांसारखा दिसत होता.

मला धीर यावा म्हणून भाई स्कूटरवर आला होता. खिशात क्लासचे खडू तसेच. दिवस टेकडीला टेकला. मी जाळी उघडली.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. कोकरं चेंडूसारखी उडत सुटली. मेंढ्या ओरडतायत, कोकरं ओरडतायत, कुत्रं आमच्याकडं बघून ओरडतंय. भाईच्या दोन्ही पायांमधून एक कोकरू आरपार गेलं आणि भाई प्लॉटच्या दगडावर बसला. मग हळूहळू आवाज विरत गेला. जो तो आपल्या आईखाली गुडघे टेकून ढुश्या देत पिऊ लागला. शेपट्या हलत होत्या.

एकच ओरडत राहिलं.

"निकल गया," भाई आनंदानं म्हणाला. "मास्तर, तुम्हारा जवाब. इसमें प्रोग्राम की क्या जरूरत, वो खुद बोल रहा."

मी मात्र वेगळाच हिशेब करत होतो. कोकरू एकटं, म्हणजे त्याची आई नाही. म्हणजे मेंढी हरवली. माझ्या हातून. दादा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला बसलाय आणि इकडं मी त्याची मेंढी घालवलीय.

"कुल कितने हैं? गिनो ना."

"मोजून काय उपयोग? आधी किती होत्या ते माहीत नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. किती आहेत ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. दृष्ट लागते."

भाईनं कपाळाला हात लावला. "तो कम हुआ, ये कैसे मालूम?"

"नाही मालूम."

मग भाईचं डोकं चाललं. प्यायला लागलेली जोडी दिसली की दोघांवर एकच नंबर घालायचा, म्हणजे एखादी मेंढी रिकामी असेल तर कळेल. मेंढरं काळी, खडू पांढरा, उठून दिसणार. आम्ही सुरू केलं. भाई मेंढी धरायचा, मी पाठीवर लिहायचो. लोकरीवर खडू चालत नाही, हे त्या दिवशी कळलं. नंबर घासावा लागायचा. मेंढी उठायची, कोकरू आपटायचं, थोरल्या बहिणीची माफी मागावी तसा भाई म्हणायचा, "सॉरी बाजी, सॉरी." शेवटी एक कान फाटलेली मेंढी उरली. रिकामी उभी. मी त्या कोकराला उचलून तिच्यापाशी नेलं. तिनं त्याला हुंगलं आणि लाथ मारली. मग मला मारली.

"ये मां नहीं है," भाई म्हणाला. "मां ऐसे नहीं मारती. मेरी मारती थी, मगर ऐसे नहीं."

खरी आई शोधायला मी प्लॉटांमधून पळत सुटलो. नाल्यापर्यंत गेलो. ले-आउटच्या रखवालदारानं विचारलं, "साहेब, प्लॉट बघताय का?" मी म्हणालो, "मेंढी." तो म्हणाला, "मेंढीला नाही देत, सातबारा लागतो." परत येईपर्यंत दादा आला होता. कळपात मधोमध उभा. हात साबणानं धुतलेले, फेटा खांद्यावर. तो मेंढरांच्या पाठी बघत होता.

"हे काय लिव्हलंय?"

मी धापा टाकत उभा राहिलो. "नंबर."

"मोजली?" त्याचा आवाज बदलला होता.

भाई मध्ये पडला. "नहीं दादा, कसम से. एक नंबर दो-दो को दिया. फिर गिनती कहां हुई?"

दादानं एका मेंढीवरचा आकडा बघितला, मग तिच्या कोकरावरचा. मग परत भाईकडं. "ह्यो माणूस वकील हाय का?"

"दादा," मी म्हणालो, "एक मेंढी हरवली माझ्या हातून. ते कोकरू एकटं राहिलंय."

"ते व्हय? त्याची आई मेली की, वाटंत येताना." त्यानं कोकरू बगलेत घेतलं, त्या कान फाटलेल्या मेंढीपाशी गेला, खाली बसून तिचा मागचा पाय धरला आणि कोकराचं तोंड लावलं. "हिचं मेलं, त्याची आई मेली. म्हणून दोघांना जोडलंय. अजून घेत न्हाई ती, रोज धरावं लागतं. घेईल चार दिसात."

भाई माझ्याकडं वळला. अगदी सावकाश म्हणाला, "दुसरी मेंढी लावण्याची तरतूद प्रश्नात दिलेली नाही."

म्हणजे त्यानं चर्चा वाचली होती. चष्मा लावून.

मी प्लॉटच्या दगडावर बसलो आणि हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मला सांगितलं का नाहीस आधी?"

"मला वाटलं, तुला ठावं असंल. मेंढराच्या घरातला हायेस म्हणलास."

"मला काय ठाऊक असणार दादा? मी शाळेत होतो. तुला मेंढरांमागं धाडलं आणि मला..." तीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते आलं, "माझ्यामुळं तुझी शाळा सुटली."

दादानं मेंढीचा पाय सोडला नाही. "कोण म्हणलं?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? वडलांनी ठरवलं."

"बापानं काय ठरवलं न्हाई. मी पळून आलो शाळेतनं. गुरुजीनं खिडकी लावून घेतली तर कौलावरनं आलो. बापाला म्हणलं, बारक्याला धाडा, मला लई कोंडल्यावानी होतंय. तू रडत गेलास पहिल्या दिशी. मी मेंढरांत हसत होतो."

भाई तोंड फिरवून हसत होता, खांदे हलत होते.

"मग इतकी वर्षं घरी जेवायला का नाही आलास?"

"कसा येनार? मी दारात आलो की तू असं तोंड करतोस," त्यानं तोंड लांब करून, डोळे खाली घालून दाखवलं. हुबेहूब मी. "मयताला आल्यागत. समोर असा मानूस बसला तर भाकर उतरती का कुणाला? हितं आलो तवाबी तसंच. लांडग्याच्या दिशी पहिल्यांदा हसताना बघितलं तुला. म्हणलं, बारक्या जित्ता हाय." कोकराचं पोट फुगलं होतं. त्यानं पाय सोडला. मेंढी पळाली नाही, तिथंच उभी राहिली. "उद्या पन येतो जेवायला. पर तू घरी पायजेस. आन् तोंड नीट ठेव."

"मैं बैठता यहां," भाई म्हणाला. "अपने को अब तजुर्बा है."

तर दुसऱ्या संध्याकाळी दादा माझ्या घरात माझ्या शेजारी बसला. ताटं मांडली होती, आमटी वाफाळत होती. बायकोनं टँकरचं पाणी माठात गाळून ठेवलं होतं. तोंड नीट ठेवायचं म्हणजे कसं ठेवायचं, याच विचारात मी बसलो होतो, आणि चेहरा पुन्हा लांब होत चाललाय हे मला कळत होतं. दादानं पहिला घास मोडला आणि माझ्याकडं बघून हात थांबवला. तेवढ्यात फोन वाजला. भाईचा. मागं सगळा कळप ओरडत होता.

"मास्तर, वो फटे कान वाली लात मार रही. दादा कू पूछो, कौनसा पांव पकडना?"

मी फोन दादाच्या कानाला लावला. त्यानं घास तोंडात टाकला, चावला, गिळला. मगच बोलला.

"मागला. मागला रं वकिला, फुडचा न्हाई."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग भाईचं, "हौ, हौ, पी रहा, पी रहा." बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. माझा तोल गेला तो गेलाच, आमटीची वाटी हातात धरून मी गदागदा हसत होतो. दादा जेवत होता. थोड्या वेळानं त्यानं आतल्या दिशेला आवाज दिला, "बाई, आमटी हाय का अजून?"